सासूबाईंनी काढलेलं भंगार

बस डेपोच्या भांडारात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंच्या वाट्याला निवृत्तीनंतर घरातली दोन कपाटं आली, आणि ती आठवड्याभरात इतकी नीट लागली की पुढे करायला काही उरलंच नाही. कुठला बोल्ट कुठल्या खणात, हे डोळे मिटून सांगणाऱ्या सासूबाई मग सुनेच्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

सून शाळेत गणित शिकवायची आणि दर मंगळवारी दुपारी चारच्या आत एका साप्ताहिकाला शब्दकोडं पाठवायची. कोड्याचे चौकोन ती कॉम्प्युटरवर तक्ते आखायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आखायची आणि पाठवण्याआधी सासूबाईंना सोडवायला द्यायची. त्या जिथे अडायच्या, तिथे मुकाट्याने त्या शब्दाचं शोधसूत्र बदलायची. मुलगा नोकरीच्या गावी, पंधरवड्याने यायचा. तोवर या दोघींचं आडवं-उभं घरभर चालायचं.

सोमवारी सून बोलता बोलता म्हणाली की कॉम्प्युटर हल्ली फार रेंगाळतो. झालं. ती संध्याकाळी बाहेर पडताच सासूबाईंनी चष्मा पुसला आणि त्यात भरलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. एकाच नावाच्या सहा नोंदी होत्या, पुढे फक्त सालं निराळी. त्यातलं एकही कुणी उघडून बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डेपोत त्यांचा शिरस्ता होता, चार वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही तो माल भंगारात. त्यांनी सहाच्या सहा नोंदी काढून टाकल्या आणि सुनेला चकित करायचं म्हणून गप्प राहिल्या.

मंगळवारी सकाळी सून निघाली तेव्हा तिचा चेहरा जरा उतरलेला होता. आज कोडं दुपारीच देते, तोवर कॉम्प्युटर उघडू नका, उगाच डोळ्यांना ताण, असं ती जाता जाता सांगून गेली. सासूबाईंनी मान डोलावली आणि नऊ वाजता कॉम्प्युटर उघडला. आपल्या साफसफाईने तो किती पळतो, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार होतं थोडंच!

सॉफ्टवेअर उघडलंच नाही. पडद्यावर एक छोटी चौकट आली. अमुक एक फाइल सापडत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू करता येत नाही.  सासूबाईंनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चौकट पुन्हा हजर.

मग त्यांच्यातली भांडारवाली जागी झाली. आधी माल शाबूत आहे का ते बघायचं. चार वर्षांची कोडी जागच्या जागी होती, फक्त उघडत नव्हती. त्या सगळ्यांची एक प्रत त्यांनी पेनड्राइव्हवर घेतली, तेव्हा कुठे जीव थोडा भांड्यात पडला. नंतर हरवलेल्या फाइलचं नाव त्यांनी एकेक अक्षर आणि आकडा तपासत कागदावर उतरवलं आणि इंटरनेटवर शोधलं.

पहिल्याच ठिकाणी हिरवं बटण लुकलुकत होतं. हीच फाइल, एकटी, फुकट. सासूबाईंचं बोट बटणाच्या रोखाने गेलं आणि थबकलं. डेपोच्या मागच्या फाटकाशी एक माणूस वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुटे भाग घेऊन यायचा. त्याला त्यांनी कधी पायरी चढू दिली नव्हती. कुठून आला, कुणी बनवला, हे ठाऊक नसलेला भाग गाडीला लावायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी ते पान बंद केलं आणि ज्यांनी ही फाइल बनवली, त्या कंपनीचं स्वतःचं पान गाठलं.

तिथे सगळं सविस्तर दिलेलं होतं. अशा फाइलींचा एक संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तो कुणा एका प्रोग्रॅमचा नसतो. ज्याला लागेल तो त्यातून हवं ते उचलतो, म्हणून तो स्वतः कधी उघडलेला दिसत नाही. संचाचं नाव वाचलं आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ते कालच्या सहा नोंदींमधलंच होतं. डेपोतला मोठा जॅक कुणाच्याच नावावर नव्हता, पण तो नसता तर एकाही गाडीचं चाक निघालं नसतं. आपण काल जॅकच भंगारात घातला, हे कळल्यावर त्यांना आधी लाज वाटली, मग एकटीलाच हसू फुटलं.

संच दोन मापांचा होता, चौसष्ट बिटचा आणि बत्तीस बिटचा. कॉम्प्युटर त्या मानाने नवा, म्हणून त्यांनी चौसष्टचा घेतला, बसवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. चौकट ढिम्म हलली नाही. थंडगार झालेला चहा पीत त्यांनी ते पान पहिल्यापासून वाचलं. माप कॉम्प्युटरचं नव्हे, सॉफ्टवेअरचं बघायचं होतं, आणि सुनेचं सॉफ्टवेअर तर आधीच्या कॉम्प्युटरपासून चालत आलेलं, जुनं. त्यांनी बत्तीसचा संच घेतला. तो बसतोय तोच दार वाजलं. सून दोन तास आधीच घरी आली होती.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“बस जरा,” त्या म्हणाल्या. “तुझं सॉफ्टवेअर उघडत नाहीये. ते मी बिघडवलंय.”

आणि त्यांनी सहाही नोंदींची हकिकत काहीही न वगळता सांगून टाकली. सून खांद्यावरची पिशवी न उतरवताच खुर्चीवर टेकली.

“तुम्ही?” ती म्हणाली. “आई, मला वाटलं मी बिघडवलं!”

काल कॉम्प्युटर बंद व्हायला वेळ लावत होता, म्हणून तिने बटण दाबून धरलं होतं. पहाटे कोडं करायला बसली तर ही चौकट. सासूबाई दिवसभर जिवाला घोर लावून घेतील म्हणून ती बोलली नाही. शाळेत मोकळ्या तासांना चौकटीच्या वहीत हाताने कोडं आखलं आणि दुरुस्तीचं दुकान गाठायला अर्धी रजा टाकून आली. हे सांगता सांगता तिला हसू आवरेना. सासूबाईंनाही आवरेना. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

तेवढ्यात संच बसल्याचं पडद्यावर आलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. सुनेने सासूबाईंना खुर्चीत बसवलं, कारण तो मान त्यांचा होता. त्यांनी दोनदा टिचकी मारली. चौकट आली नाही. रिकाम्या चौकोनांचं पान पडदाभर पसरलं.

पुढचा तासभर सून वहीतून सांगत गेली आणि सासूबाई एका बोटाने भरत गेल्या. नवव्या आडव्यापाशी त्या थांबल्या. चार अक्षरांच्या जागेत सुनेने पाच अक्षरांचा शब्द कोंबला होता. गणिताच्या बाई ओशाळल्या. शब्द बदलला, सूत्र बदललं, आणि कोडं तीन वाजून दहा मिनिटांनी रवाना झालं.

रात्री जेवताना सून सहज बोलून गेली की शाळेतले दोन कॉम्प्युटर महिनाभर अशीच काहीतरी चौकट दाखवत पडून आहेत, कुणी बघायला येत नाही. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“फाइलचं नाव काय येतं?”

“ते कोण बघतंय, आई?”

“म्हणजे पहिली पायरीच चुकली,” असं म्हणून सासूबाईंनी शाळा किती वाजता उघडते ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठालाच त्या इस्त्रीचे कपडे घालून, कागद-पेन्सिल घेऊन दारात उभ्या होत्या, आणि सुनेला चपला सापडत नव्हत्या म्हणून तिच्यावर डाफरत होत्या.