नितळ चित्र

"हाही अडखळतो," लोनने हातांनी नवऱ्याला, प्रेबेनला सांगितलं आणि टॅब्लेट दुकानाच्या काउंटरवरून मागे सरकवला.

"तुझ्या आईच्या तोंडी लागायचं म्हणजे मशीनची छाती हवी," प्रेबेनची बोटं म्हणाली.

लोन हसली नाही. ती, प्रेबेन आणि बेटावर एकटी राहणारी तिची आई राग्नहिल्ड, तिघंही जन्मापासून बहिरे. लोन ऑल्बोर्ग शहरात कवळ्या बनवायची. दाताचा केसभर उंचवटा तिला बोटाला कळे. पण गेले काही आठवडे घरच्या जुन्या टॅब्लेटवर व्हिडिओ कॉलमध्ये आईचं हातांचं बोलणं तुटत होतं. हात वर जाई, मध्येच थिजे, मग घाईघाईने पुढचा शब्द. आईचं म्हणणं एकच, "तुमचा डबा भंगारात घाला."

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक सरकणारी स्थिर चित्रं. प्रोसेसर दमला की तो मधली चित्रं गाळतो. ऐकू येणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, आवाज तर चालूच असतो. लोनच्या घरात मात्र गाळलेल्या चित्राबरोबर शब्दच जात असे. म्हणून तिने आईचा गेल्या रविवारचा व्हिडिओ-निरोप फोनवर उतरवून आणला होता. नेटचा प्रश्नच नको.

या स्वस्त टॅब्लेटवर सगळंच धक्के खात होतं. आई, टेबल, खिडकीबाहेरच्या काठीवर फडफडणारी लांब निशाणपट्टीसुद्धा. लोनला बरं वाटलं. म्हणजे दोष मशीनचाच.

विक्रेता पोरगेला होता. त्याने फोनवर टाइप करून दाखवलं, "याहून दमदार आमच्याकडे एकच आहे. सिनेमा एडिट करणारे नेतात."

"आण," लोनने टाइप केलं.

तो टॅब्लेट आला. लोनने तोच निरोप लावला. चित्र काचेवरून तेल ओघळावं तसं वाहू लागलं. बाहेरची निशाणपट्टी वाऱ्यावर लाटेसारखी उलगडत होती, एकही लाट तुटत नव्हती. आईच्या कपातली वाफसुद्धा दिसत होती. आईने 'बटाटे काढायला आलेत' म्हणायला हात उचलला.

उजवा हात अर्ध्यावर थांबला. मागे निशाणपट्टी फडफडतच होती.

लोनने निरोप मागे नेला आणि पुन्हा लावला. पुन्हा हात थांबला, त्याच जागी. वाफ चढत राहिली.

विक्रेत्याने अंगठा वर केला. मग टाइप केलं, "एकदम नितळ ना? कुठेच अडकत नाही."

लोनने मान डोलावली. प्रेबेनचे हात खिशात गेले होते.

"दुसरा बघायचा का?" हात बाहेर काढत त्याने विचारलं.

"याच्यावर दुसरा नाही," ती म्हणाली. "हाच घेऊ."

गाडीत प्रेबेनने दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. लोन मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती.

संध्याकाळी जेवणाआधी तिने नव्या टॅब्लेटवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. आई लगेच पडद्यावर आली. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतलं स्वेटर.

"आणलास एकदाचा? आता दिसते का मी नीट?" आईने विचारलं. डाव्या हाताने. उजवा टेबलाखाली होता.

"दिसतेस."

"मग अशी टक लावून काय बघतेस? प्रेबेन कुठाय? जावईबापू जेवले का, की उपाशी ठेवलंस?"

प्रेबेन लोनच्या खांद्यामागून पुढे झाला. "तुमची मुलगी मला भूक लागायची वाटसुद्धा बघत नाही," तो म्हणाला. आईचे खांदे हसण्याने हलले, पण डोळे लोनवरच होते. ते डोळे आता स्पष्ट दिसत होते. आईला ठाऊक होतं. डब्याचा काही दोष नाही हे तिला पहिल्यापासूनच ठाऊक असावं.

लोनने हात उचलले. "आई, हाही मेला थोडा अडखळतोच. तू सावकाश बोल. आम्हाला घाई नाही."

आईने टेबलाखालचा उजवा हात वर आणला, डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, आणि तो पहिल्या शब्दाच्या उंचीपर्यंत नेऊ लागली.