‘म्हणून’ची राखण

मित्रांनो, जरा लांबूनच बघा, नाहीतर कपडे पांढरे होतील. मी एक जुना लाकडी फळा आहे. एका सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि वर काळा रंग चढवला. उमेदीची वर्षं मी लहान मुलांच्या वर्गात काढली. पाढे, बेरजा, चित्रं, सगळं अंगावर आनंदाने घेतलं. पुढे शाळेत नवे चकचकीत फळे आले आणि मला अडगळीत ठेवलं, मोडक्या बाकांमागे, तोंड भिंतीकडे करून. तोंड भिंतीकडे असलं की दिवस सरता सरत नाही.

तिथून मला बाईंनी कॉलेजातल्या आपल्या खोलीत आणलं. बाई तर्कशास्त्राच्या तत्त्वज्ञ. म्हणजे काय, हे मला त्यांची आई खोली बघायला आली तेव्हा कळलं.

“तू दिवसभर नेमकं करतेस तरी काय गं?” आईने विचारलं.

“लोक म्हणतात ना, असं आहे म्हणून तसं आहे? तर ते ‘म्हणून’ म्हणायचा त्यांना हक्क पोचतो का, ते बघते.”

“मग सुरुवात तुझ्या वडिलांपासून करायचीस,” आई म्हणाली.

बाईंचा एक नेम होता. ज्याला शंका, त्याच्या हाती खडू. मग तो विद्यार्थी असो की पाहुणा, त्याचं लिहून होईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. बाई स्वतःही हाताची घडी घालून बसत.

बरीच वर्षं खपून त्यांनी एक पुस्तक लिहिलं. विचार करताना आपण सगळे जे नियम वापरतो ते खरेच आहेत, हे त्यात त्यांनी सिद्ध केलं होतं. ती सिद्धता वरपासून खालपर्यंत माझ्या अंगावर होती. पुस्तक छापायला गेलं, आणि त्याच दुपारी शेजारच्या खोलीतले सर आले. बाईंचे शिकत असतानापासूनचे मित्र. ते चहाचा कप हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले. चहावर साय धरली तरी हलेनात.

“बाई, खडू द्या.”

“आता कशाला? जेवायला चला.”

“मधल्या ओळीवर शंका आहे.”

“तुम्हाला मी नमस्कार केला तरी शंका येते.”

सर हसले नाहीत. हात पुढेच होता. बाईंनी खडू उचलला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. “पुस्तक झालंय माझं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या खोलीत नेम मोडलेला मी प्रथमच पाहिला. मला फार वाईट वाटलं.

सकाळी बाई लवकर आल्या. डोळे सुजले होते. माझ्यासमोर बसून त्यांनी मधली ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग शेजारी जाऊन सरांना घेऊन आल्या. त्यांच्या हातात खडू दिला आणि हाताची घडी घालून बसल्या.

सरांनी मधल्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत एक बाण काढला. “जो नियम सिद्ध करायचाय, तोच इथे हळूच वापरलाय. पडत्या दाराला टेकू म्हणून तेच दार लावलंय.”

त्यांनी खडू खाली ठेवल्यावरच बाई बोलल्या. “मलाही तेच दिसतंय.”

“मग काल?”

“काल मला नुसतं पुस्तक दिसत होतं.”

सर खुर्चीत टेकले. “कुणाच्या लक्षात यायचं नाही, बाई. मी तर बोलणारच नाही.”

“तुम्ही नका बोलू. मी बोलते.”

त्यांनी छापखान्यात फोन लावला. “काम थांबवा,” एवढंच म्हणाल्या. फोन ठेवून त्या सरांसोबत दुपारपर्यंत माझ्यावरच्या बाकीच्या ओळी तपासत राहिल्या.

“चला, जेवू,” सर हळूच म्हणाले. “आज एकही शंका काढत नाही.”

“काढा हो. उगाच अन्न पचायचं नाही तुम्हाला.”

ती मधली ओळ बाईंनी अजून पुसलेली नाही. तिच्याभोवती चौकट आखली आहे. नवे विद्यार्थी आले की बाई तिच्यावर बोट ठेवून म्हणतात, “ही माझी चूक. इथून पुढे चला.” नवं पुस्तक तिथूनच सुरू झालं आहे. पुरं होईल की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्याला जपा. ओलं फडकं हलक्या हाताने फिरवा, पण पुसण्याआधी एकदा वाचा. आणि तुमच्या लिहिण्यावर कुणी शंका घेतली, तर खडू लपवू नका. लपवलेल्या खडूने पर्स आतून पांढरी होते. बाईंना ती कितीतरी दिवस झटकताना मी पाहिलं आहे.