भाड्याच्या बाल्कनीतला माठ

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, चर्चच्या घंटा झाल्या की आमच्या ग्रीसमधल्या कोर्फू बेटावरच्या जुन्या गावात बाल्कन्यांतून पाण्याने भरलेले माठ खाली फेकतात. माठाबरोबर वर्षाची इडापिडा फुटते. हल्ली खाली इतके कॅमेरे जमतात की इडापिडेला पडायला जागा मिळत नाही.

समोर तिसऱ्या मजल्यावर स्तामातेलाबाई राहते. गल्ली एवढी अरुंद, की तिच्या कढईत काय शिजतंय ते मला माझ्या खिडकीतून कळतं. हिवाळ्यात तिची धाकटी बहीण गेली, अंथरुणावर झिजून झिजून. तेव्हाच बाईने बाजारातला सगळ्यात मोठा माठ आणून ठेवला. हे वर्ष मी माझ्या हाताने फोडणार, म्हणाली.

त्याच बहिणीचा मुलगा लिओनिदास. आईला बघायला दोनदा आला, ती गेल्यावर मात्र मुक्कामालाच आला. त्याने मावशीची बाल्कनी उत्तर युरोपातल्या एका जोडप्याला भाड्याने दिली, माठासकट. तिला म्हणाला, तू आत बस, पाहुण्यांना अस्सल अनुभव हवाय. बाईने विचारलं, मग मी काय नकली आहे का? मी तिला माझी बाल्कनी देऊ केली. दुसऱ्याच्या दारातून आपली पीडा टाकायची नसते, एवढंच बोलून तिने खिडकी लावून घेतली.

शनिवारी जोडपं बाल्कनीत उभं राहिलं. डोक्यावर सायकलवाल्यांची हेल्मेटं. माठ वरून पडतो हे ऐकलं होतं, पण वर आपणच आहोत हे लक्षात आलं नसावं. बाई आत दिसली तेव्हा लिओनिदासने त्यांना सांगितलं की ही स्वयंपाकाला येते. पन्नास वर्षं पर्यटकांच्या गावात राहिलेल्या बाईला एवढं इंग्रजी कळत नाही, असं त्याला कशावरून वाटलं, देव जाणे.

घंटा सुरू झाल्या. सगळीकडे माठ फुटू लागले. पाहुणीने मात्र माठ बाळासारखा छातीशी धरला. इतका सुंदर आहे, फोडवत नाही, घरी नेऊ का, म्हणून विचारू लागली. लिओनिदास हसून मान डोलवत होता.

तेवढ्यात बाई बाहेर आली. पाहुणीच्या हातातून माठ काढून घेतला, कठड्यावर टेकवला, क्षणभर त्यावर हात ठेवला.

"जा गं," ती म्हणाली, आणि ढकलून दिला.

असा आवाज गल्लीने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. खाली गल्लीभर पाणी उडालं. बाई कठड्याला धरून उभी होती, खांदे हलत होते.

पाहुण्याचं दुःख वेगळंच. त्याचा फोटो हुकला होता. लिओनिदास लगबगीने आतून दुसरा, छोटा माठ घेऊन आला.

"मावशी, एकदाच. त्यांच्यासाठी."

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आई दोनदा मरते का रे?"

मग ती आत गेली, बाल्कनीचं दार लावलं, आतून कडी घातली आणि जिना उतरून, गल्ली ओलांडून माझ्या घरी आली. रस्सा गॅसवर ठेवलाय, म्हणाली, उकळेपर्यंत बसते.

खाली बँड वाजत आला. लोकांनी वर पाहून हात हलवले. बाल्कनीत अडकलेल्या तिघांनीही हलवले, आणि लिओनिदास मधूनमधून दार ठोठावत राहिला.