ताग पांघरलेला ढिगारा

मी एक जुना मातीचा ढिगारा आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका मित्रांनो, माझं मलाच ठाऊक नाही. ढिगारा मात्र मी अलीकडेच झालो. त्याआधी मी एका मोकळ्या पटांगणाचा वरचा वीतभर थर होतो. गवत, मुंग्या, गांडुळं, सगळा गोतावळा माझ्याकडे सुखाने नांदायचा. मग तिथे इमारत उभी करायचं ठरलं. यंत्राने मला खरवडून आवाराच्या कडेला उंच रचलं. "असू दे इथेच, शेवटी बागेला लागेल," मुकादम म्हणाले. झालं! तो शेवट येईपर्यंत मी आपला उघडाच.

उघडं राहणं काय असतं, ते तेव्हा कळलं. उन्हाने भेगा पडल्या. वाऱ्याने धूळ उडाली. आणि पाऊस आला की मी चिखल होऊन उतारावरून धावत सुटायचो. खाली लाँड्रीवाल्या वहिनींचं अंगण होतं. वहिनी एका दवाखान्याच्या चादरी धुवायच्या. माझा चिखल थेट त्यांच्या हौदात उतरायचा आणि चादरी चहात बुडवल्यासारख्या निघायच्या. दोनदा असं झालं. दवाखान्याच्या सिस्टरबाईंनी सांगून टाकलं, "आता एक जरी डाग दिसला, तर काम दुसरीकडे देऊ."

त्या दिवशी वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मेल्या, माझ्या पोटावर का उठलास रे?" खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचे दीर बांधकामावर माळी होते. वहिनींनी त्यांनाच गाठलं. माळीभाऊजींनी मला मुठीत घेऊन चुरडून पाहिलं. "वहिनी, ह्याला पांघरूण हवंय. ताग पेरू. भराभर उगवतो आणि मुळांनी माती धरून ठेवतो." मग त्यांनी मुकादमांना फोन केला, "तागाची पोती आणा हो, दोन पुरेत."

मुकादम म्हणजे घाईचे पुतळे. पुढचं ऐकायला थांबतात कुठले! "दोनाने काय होतंय? पन्नास आणतो!"

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून रिकामी गोणपाटं आली.

"अहो, बी कुठाय?" माळीभाऊजींनी विचारलं.

"कसलं बी? तागाची पोती म्हणालात ना? मग ही काय कागदाची आहेत?"

माळीभाऊजींनी कपाळावर हात मारला. मजूर पोट धरून हसले. मलाही हसू आलं असतं, पण आभाळ भरत चाललं होतं आणि वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुकादम ओशाळले, स्कूटरवर बसले आणि तासाभरात बियाण्याची दोन पोती घेऊन आले.

तरी माळीभाऊजींच्या कपाळावरची आठी जाईना. "पेरीन, पण उगवायच्या आत पाऊस आला तर बी पण वाहून जाईल."

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चादर उडू नये म्हणून मी चिमटे लावते. ह्यालाही ह्या पोत्यांची चादर घाला आणि ठोका चिमटे!"

मग काय, सगळे लागले कामाला. वहिनींनी पोत्यांच्या शिवणी उसवल्या. मुकादमांनी सळयांचे उरलेले तुकडे वाकवून चिमटे केले. माळीभाऊजींनी मला दाताळ्याने खाजवलं, मुठीमुठीने बी फोकलं आणि विरळ विणीची ती गोणपाटं अंथरून ठोकून बसवली. कित्येक महिन्यांनी माझ्या अंगावर काहीतरी आलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. मी जीव मुठीत धरून पडून राहिलो. पाऊस ओसरताच वहिनी हौदाकडे धावल्या. पाण्यातून तळाच्या फरश्या स्वच्छ दिसत होत्या. त्या काठावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. पुढच्या आठवड्यात सिस्टरबाईंनी चादर उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "आता पडदेही तुमच्याकडेच देत जाऊ."

गोणपाटाच्या विणीतून ताग वर आला. पाहता पाहता कमरेएवढा झाला. पिवळ्या कळ्या दिसू लागताच माळीभाऊजींनी चिमटे उपसून काढले, ताग कापला आणि कुजत आलेल्या गोणपाटांसकट माझ्यातच गाडला. मुकादम कळवळले, "अहो, एवढं छान पीक मातीत घालता?"

"मातीसाठीच तर पेरलं होतं!"

ताग कुजला, मी भुसभुशीत झालो, आणि गांडुळं बिऱ्हाडासकट परत आली. आता इमारत पूर्ण झालीय. मला तिच्याभोवती पसरलंय. मुलं माझ्यावर लोळतात, आणि मी मजेत आहे.

मित्रांनो, घरं जरूर बांधा. माझी काही तक्रार नाही. पण कुठे उघडा ढिगारा दिसला, तर मोठ्यांना सांगून त्याच्या अंगावर मूठभर बी टाका. वाहून जाताना माती एकटी जात नाही हो. खाली कुणीतरी पांढऱ्या चादरी धूत असतं.