आधी आपल्या कानाला

“आधी आपल्या कानाला लावायचं, मगच लेकराच्या.”

मित्रांनो, हा आवाज रत्नम्माबाईंचा. बाई आता या जगात नाहीत, पण मला अजून तो ऐकू येतो. दुसऱ्यांचं ऐकणं मोजण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्यापाशी उरला तो हा एकच आवाज.

मी एक जुना ऑडिओमीटर आहे. माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारं यंत्र. राखाडी पत्र्याचं अंग, पुढे दोन गोल बटणं. एकानं सूर जाडा-बारीक होतो, दुसऱ्यानं लहान-मोठा. मधोमध एक कळ आहे. ती दाबली की माझ्या कपाळावरचा तांबडा दिवा लागतो आणि सूर निघतो. तो एका काळ्या वायरमधून डोक्यावर बसवायच्या दोन कपांत जातो. उजव्या कानाचा कप लाल, डाव्याचा निळा. सूर ऐकू आला की समोरच्यानं हात वर करायचा. एवढंच माझं काम.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात मी घडलो. गवत भरलेल्या पेटीतून रेल्वेनं निघालो, मुदखेडच्या फलाटावर एक अख्खी दुपार उन्हात पडून राहिलो आणि मग नांदेडला कॉलेजच्या वाणी-श्रवण विभागात पोचलो. तिथं रत्नम्माबाई शिकवायच्या. त्या उदगीरकडच्या. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपल्याशिवाय पाणी घ्यायच्या नाहीत. कपाळावरची विभूती ओली असतानाच विभागात यायच्या, कुणाशी बोलायच्या आधी माझे कप स्वतःच्या कानांवर बसवायच्या आणि डोळे मिटून माझे सगळे सूर जाड्यापासून बारीकपर्यंत ऐकायच्या. सूर कुठं तुटला, कुठं घोगरा झाला, की त्या दिवशी मला सुट्टी.

विद्यार्थी मागे कुजबुजायचे, “बाईंची दुसरी पूजा सुरू झाली.”

“हाव, दुसरीच,” बाई डोळे न उघडता म्हणायच्या. “पहिलीत देव आपलं ऐकतो. हितं आपण ऐकायचं.”

बाई आणखी एक गोष्ट शिकवायच्या. बहिरं लेकरू डोळ्यांनी ऐकतं. तुमचा खांदा हलला, भुवई उचलली, तरी त्याला कळतं. म्हणून तपासताना त्याचं तोंड आपल्याकडे करायचं नाही. आणि त्या सांगायच्या की बोली कोवळ्या वयातच रुजते. ते वय हुकलं, की मग कानाला यंत्र लावलं तरी आवाज नुसता आवाज राहतो, त्याचा शब्द होत नाही.

पुढं लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवा विभाग निघाला आणि मला तिकडं पाठवायचं ठरलं. बाईंनी मला आपल्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलं आणि माझ्याबरोबर जाणाऱ्या पंचशीलाच्या मांडीवर ठेवलं. पंचशीला हदगावची, बाईंचीच विद्यार्थिनी, तिकडं तात्पुरती शिक्षिका म्हणून निघालेली.

“नेम मोडायचा नाही, पोरी.”

“नाही मोडणार, बाई.”

जीप निघाली. बाई उन्हात उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

लातूरचे विभागप्रमुख विरूपाक्ष सर विद्वान माणूस. फळ्यावर एका झटक्यात कानाच्या आतला शंख काढायचे, आणि विद्यार्थी वह्या विसरून बघत राहायचे. त्यांच्याकडे शिकायला लांबून मुलं यायची. मीही त्यांच्या हाताखाली दिमाखात होतो. रोज पुसला जायचो. ‘विभागाचा प्राण’ असं ते मला म्हणायचे.

त्या वर्षी मृग कोरडा गेला आणि मागची नक्षत्रंही तशीच गेली. तपासणीला येणाऱ्या आया एका कडेवर लेकरू आणि दुसऱ्या हातात रिकामा डबा घेऊन यायच्या. लेकराचा कान दाखवायचा आणि जाताना दवाखान्याच्या नळाला येईल तेवढं भरून न्यायचं.

विभागाच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे एक तपासणी करून दाखवायची असं सरांनी ठरवलं. बाहेर बसलेल्या बायांमधून त्यांनी कमलम्मा आणि तिची लेक गुरम्मा यांना आत घेतलं. शिरूर अनंतपाळजवळच्या एका वस्तीवरून त्या आल्या होत्या. गुरम्मा पाचेक वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, एका जागी नजर न ठरणारी.

“दोन सालाची व्हती तवा लई ताप आला,” कमलम्मा सांगत होती. “सुया दिल्या. तवापून हाक मारली तर बघत न्हाई, अन् बोलणंबी फुटंना.”

फोटोवाल्याला जागा हवी म्हणून माझं टेबल भिंतीकडून ओढलं गेलं. तेव्हा माझी वायर टेबलाच्या पायाखाली चिरडली. कुणाला कळलं नाही. पंचशीला माझ्याकडे आली, तिनं कप उचलले आणि ते आपल्या कानांपर्यंत नेले.

“पंचशीलाबाई, पाहुणे दारात आहेत,” सर म्हणाले. “तुमची पूजा उद्या करा.”

तिनं कप खाली ठेवले.

गुरम्माला काचेपलीकडच्या बंद खोलीत बसवलं. तोंड आमच्याकडे.

“सर, तिला पाठमोरी बसवू का?”

“आणि फोटोत काय पाठ येऊ द्यायची?”

मित्रांनो, पुढचं मी जसं झालं तसं सांगतो. सर कळ दाबत होते. माझा दिवा लागत होता. सूर मात्र माझ्या पोटातून निघून त्या चिरडलेल्या जागी मरत होता. कपांत काही पोचत नव्हतं, ना लाल, ना निळ्या. मी मुका होतो आणि समोर गुरम्मा होती. तिनं काचेतून पाहिलं. माणूस खांदा उचलतो, त्याच्या चष्म्यात तांबडा ठिपका चमकतो, आणि सगळी मोठी माणसं आपल्याकडे बघत थांबतात. आधी कपांशिवायच खुणांनी तिला हात वर करायला शिकवलं होतं. तिनं हात वर केला. सर्वांनी मान डोलावली. तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा तिनं आणखी लवकर केला. सरांनी सूर लहान केला, आणखी लहान केला. ती हात वर करत राहिली आणि हसत राहिली. त्या दिवसाइतकं कुणी तिच्यावर खूश झालेलं तिनं पाहिलं नसावं.

सर उठले आणि पाहुण्यांकडे वळले.

“हिचे कान तुमच्या-माझ्यासारखे आहेत. ही सोंग करते. घरात लाड झाले की मुलं असं शिकतात.”

“बेरकी आहे की पोरगी,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

कमलम्मानं हात जोडले. पदराच्या गाठीला गुळाचा खडा होता, तो फोडून तिनं साऱ्यांना कण कण वाटला. “ऐकती माझी लेक,” ती म्हणत होती. “ऐकती.”

दुपारी खोली रिकामी झाल्यावर पंचशीलानं कप कानांना लावले. कळ दाबली. दिवा लागला. तिला काहीच ऐकू आलं नाही. क्षणभर तिला वाटलं, आपलेच कान गेले. मग तिनं वायरवरून बोटं फिरवली, चिरडलेली जागा सापडली, आणि ती तशीच मला घेऊन सरांकडे गेली.

“सर, वायर तुटलेली आहे. सकाळपासून.”

“सकाळपासून कशावरून? आवराआवरीत तुटली असेल.”

“टेबल सकाळीच ओढलं, सर. त्यानंतर कुणी हलवलं नाही.”

“मशीन सकाळी चालू होतं याचा पुरावा आहे ना,” सर शांतपणे म्हणाले. “पोरीनं हात वर केला.”

पंचशीलानं वायरची चिरडलेली जागा त्यांच्यापुढे धरली.

“पाहुण्यांसमोर सांगून झालंय,” सर म्हणाले. “वायर जोडून घ्या. आणि बाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.”

वायर त्याच संध्याकाळी जोडली गेली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गाऊ लागलो. पण गुरम्मा तोवर घरी गेली होती.

तिची गोष्ट मात्र विभागातच राहिली. सरांनी तिच्यावर लेख लिहिला, पुण्याच्या परिषदेत वाचला, टाळ्या घेतल्या. दर नव्या तुकडीला ते ती रंगवून सांगायचे. हात कसा झटकन वर गेला, ते करून दाखवायचे. मुलं हसायची. पंचशीला मागच्या बाकाजवळ उभी असायची आणि रोज सकाळी माझे सूर ऐकायची. पण काम संपलं की मला ज्या कपाटात ठेवत, त्याची किल्ली सरांकडे होती; मला बाहेर नेणं तिच्या हाती नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात कमलम्मा पुन्हा आली. गुरम्माच्या उजव्या कानाची पाळी फाटून वाकडी जुळली होती.

“सायेब, तुमीच म्हणलाव ऐकू येतंय,” ती दारातच म्हणाली. “तर आता सांगा, हिला मारायचं किती?”

सर खुर्चीवरून उठले नाहीत. कमलम्मा सांगत गेली. वस्तीला टँकर यायचा तो कधीही यायचा. नाक्यावर हॉर्न वाजवायचा, कुणी धावलं नाही तर तसाच पुढं जायचा. मोठी माणसं कामावर. म्हणून गुरम्माच्या बापानं, मलप्पानं, तिला नाक्यावर बसवलं. लेकीला ऐकू येतं, मोठ्या सायबानं सांगितलंय. गुरम्मा सावलीला खडे मांडत बसली. टँकर तिच्या पाठीमागून हॉर्न वाजवत आला आणि गेला. एकदा, मग पुन्हा. साऱ्या वस्तीच्या घागरी कोरड्या राहिल्या. बायांनी तिला खांबाला बांधून उन्हात उभी केली. सोंगाडी म्हणतात तिला आता, बारकी पोरंसुद्धा. मलप्पानं कान पिळला तो फाटेपर्यंत.

“तिला सवय झालीय,” सर म्हणाले. “थोडं आणखी कडक राहा. सुटेल.”

“सर, एकदा तपासून बघू,” पंचशीला म्हणाली. “पाठमोरी बसवून.”

“तिची तपासणी झालेली आहे. त्या पोरीला पुन्हा खोलीत घ्यायचं नाही.”

कमलम्मा लेकीला घेऊन बाहेर आली आणि नळापाशी डबा लावून बसली. पंचशीला तिच्यामागे गेली. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

“अक्का, तुमच्या गावच्या शाळेत लाइट आहे का?”

“हाय. असते कवा कवा.”

“मी येईन. मशीन घेऊन येईन.”

“मोठे सायेब येऊ देतेल का तुमाला?”

पंचशीलानं डबा नळाखाली नीट सरकवला. डबा अर्धा भरून नळ बंद पडला. गुरम्मा माझ्याकडे बघून हात वर करत होती. तिला वाटलं असेल, हे केलं की माणसं खूश होतात.

मित्रांनो, त्यानंतर विभागात नवं यंत्र आलं. आकड्यांचं, चकचकीत. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांवर टाकलं. माझ्या लाल कपात कोळ्यानं घर केलं. ‘विभागाचा प्राण’ आता दुसरा होता. कुणी पुसत नाही याचं दुःख मला फार झालं नाही. मी मुका असताना बोलतोय असं समजून एका लेकराचं आयुष्य माझ्या नावावर टांगलं गेलं, ते मात्र धूळ बसली तरी झाकलं जात नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती माझ्याहून शहाणी यंत्रं येतील. त्यांना पुसा, जपा. पण दिवा लागला म्हणून सूर पोचला असं मानू नका. रोज सकाळी, कितीही घाई असो, आधी आपल्या कानाला लावा.

आज सकाळी अडगळीचं दार उघडलं. पंचशीला होती. बरोबर भांडारातले सिद्धराम.

“हे मोडीतच जायचंय ना, काका? दोन दिवस मी नेते.”

“न्या की. पण कशाला न्यायलाव बाई? बंद हाय ते.”

“बघू.”

तिनं कोळ्याचं घर अलगद काढलं, मला पुसलं, वायरवरून इंच इंच बोटं फिरवली. भिंतीच्या प्लगला मला जोडलं, कप आपल्या कानांवर बसवले आणि डोळे मिटले. जाडा सूर, मग मधला, मग बारीक, मग त्याहून बारीक. मी घाबरत घाबरत गायलो. शेवटच्या सुरापर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

शेजारच्या वर्गातून सरांचा आवाज येत होता. “आता तुम्हाला एका सोंगाड्या पोरीची गोष्ट सांगतो.” मग हशा.

पंचशीलानं मला रत्नम्माबाईंच्या त्या विरलेल्या इरकलीत गुंडाळलं. गुरम्मा आता सात वर्षांची झाली असेल. उशीर झाला आहे हे तिला ठाऊक आहे, मलाही. किती झाला आहे, ते तिथं गेल्यावरच मोजता येईल.

तिनं मला कडेवर घेतलं, वर्गाच्या दारावरून मान न वळवता गेली, आणि शिरूरच्या बसकडे चालू लागली.