शिलेदाराचा घोडा

आमचं आडनाव शिलेदार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन लढायला जाणारा. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. लग्नानंतर आठच दिवसांत मला हे कळलं, आणि आता इथे अमेरिकेत, प्लेनोत, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कळतं. ह्यांचा घोडा म्हणजे जुनी लाल गाडी. एअरपोर्टवरून कुणाकुणाला आणलं तिच्यातून, मोजदाद नाही.

आता वय एकोणऐंशी, डोळे अधू, पण ऐकतील तर शपथ. मागच्या मंगळवारी शेजाऱ्यांचा मेलबॉक्स आडवा केला आणि वर मलाच म्हणाले, "तो मध्ये आला." डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलंय. आमचा यशोधन महिनाभर किल्ली मागायला येतो आणि चहा पिऊन परत जातो. बापापुढे दातखीळ बसते त्याची. मी मागितली, तर दोन दिवस अबोला.

रविवारी यशोधनची उर्वी शाळेचा प्रोजेक्ट घेऊन आली. जपानचे लढवय्ये सामुराई का संपले? हे खुललेच.

"सोपं आहे. बंदुका आल्या."

"नो, आजोबा. गन्स त्यांच्याकडे आधीच होत्या. नवीन गव्हर्न्मेंटनी साध्या लोकांची आर्मी केली, सामुराईंचा पगार स्टॉप केला. मग तलवार लावून फिरायलापण बंदी. अँड यू नो, त्या गव्हर्न्मेंटमध्ये कोण होते? सामुराईच."

"म्हणजे आपल्याच हातानं?"

"हो. काही लोक फाइट करत बसले. बाकीचे टीचर झाले, पोलीस झाले."

ह्यांनी खिशातली किल्ली चाचपली. मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही. एरवी मला टोमणा आवरत नाही, पण त्या दिवशी आवरला.

संध्याकाळी यशोधन उर्वीला न्यायला आला. ह्यांनी खिशातून किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"डावीकडे वळताना जरा कुरकुरते. रागावू नकोस तिच्यावर. चल, तुझ्या आईला भाजी आणायचीय."

यशोधननं गाडी उघडली. हे आपणहून ड्रायव्हरच्या शेजारच्या, उजव्या दारानं आत बसले आणि पट्टा शोधायला लागले, डाव्या खांद्यावर. इतक्या वर्षांची गाडी चालवायची सवय. मीच वाकून उजवीकडचा पट्टा लावून दिला.

"संध्या," हे हळूच म्हणाले, "आजपासून आम्ही बारगीर."

 

"बारगिरानं भाजीची पिशवी धरायची असते," मी म्हटलं, आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.