उजवीकडे जागा नाही

भाईने जॅकचा दांडा मिस्त्रीच्या उजव्या मनगटावर हाणला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज गॅरेजात सगळ्यांनी ऐकला. सगळे म्हणजे कोण? भाईची दोन माणसं, दाराशी उभी. आणि मिस्त्रीच्या बहिणीचा नवरा, दाजी. दाजी जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे टक लावून बघत होता, जणू त्या डागातच त्याचं काही हरवलं होतं.

"चावी देतोस, की दुसराही हात देतोस?" भाईने विचारलं.

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसला. चावी त्याच्या खिशात होती, आणि लेकराला झाकावं तसा त्याने खिसा झाकला होता.

"भाई, ही गाडी अख्ख्या शहरात कुणाकडे नाही. खरं ना?"

"म्हणून तर परदेशातून आणली, आणि स्टीअरिंग उजवीकडे घ्यायला तुला दिली!"

"पण का नाही? गाडी विकणं कंपनीच्या जिवावर येतं का? अहो, त्यांच्याकडे स्टीअरिंग डावीकडे, आपल्याला लागतं उजवीकडे. आणि उजवीकडूनच इंजिनाचा धुराचा पाइप उतरतो, लालबुंद तापलेला. स्टीअरिंगचा दांडा न्यायला जागाच नाही! चार हौशी गिऱ्हाइकांसाठी इंजिन नव्याने कोण आखणार? त्यांनी हात जोडले. मीही जोडतो."

"दाजी तर म्हणतो गाडी तयार आहे."

मिस्त्रीने मान वळवली. पक्का जोड देण्याआधी वेल्डिंगचे दोन कच्चे टाके घालून स्टीअरिंगचा दांडा बसतो का बघायचं, ही त्या धंद्याची रीत. त्याने टाके घातले, बघितलं, नाही जमत म्हणाला आणि सोडवायचं काम सकाळवर टाकलं. दाजीला त्यातलं अर्धंच कळायचं. मिस्त्रीची पाठ फिरताच, भाईचे पैसे लवकर हाती पडावेत म्हणून, त्याने टाक्यांवर काळा रंग फासला आणि भाईला निरोप धाडला. रंग अजून ओला चमकत होता.

"तयार आहे, भाई," दाजी म्हणाला. "आमचे मेहुणे जरा भित्रे. सायकलवर उतार लागला तरी यांना देव आठवतो."

दारातली माणसं फिदीफिदी हसली. भाई हसला नाही.

"मग तूच चालव. मी शेजारी बसतो. डोंगराच्या रस्त्याने जाऊ."

दाजीचं तोंड पांढरंफटक पडलं. खरं बोलावं तर भाई जिवंत सोडणार नाही, न बोलावं तर पहिलं वळण सोडणार नाही. तो आत बसला. भाईच्या माणसाने मिस्त्रीच्या बरगडीत लाथ घातली, खिशातून चावी ओढून घेतली आणि दाजीच्या मांडीवर फेकली.

मिस्त्रीला दाजीचा असा संताप आला होता, की मरू दे मेल्याला! पण त्या एका सीटवर त्याला बहिणीचं सगळं घरच बसलेलं दिसलं. तो उठला. बॉनेट उघडंच होतं. डाव्या हाताने त्याने हातोडा उचलला आणि रंगावर नेम धरून घाव घातला.

टाके तुटले. लगेच त्याच्या कानशिलात ठोसा बसला, ओठ फाटला, पण तो ओरडला, "दाजी, स्टीअरिंग फिरवा! गरागरा फिरवा!"

दाजीने फिरवलं. जत्रेतल्या पाळण्यासारखं ते फिरत राहिलं. पुढची चाकं तसूभर हलली नाहीत.

भाई त्या चाकांकडे बघत राहिला. मग त्याने दाजीला कॉलर धरून बाहेर खेचलं आणि जॅकचा दांडा चालवायला सुरुवात केली; खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. दाजीचे दात फरशीवर सांडले. पुढचा घाव डोक्यावर येणार, तेवढ्यात मिस्त्री दाजीच्या अंगावर पडला. तो घाव त्याने पाठीवर घेतला.

"बाजूला हो! याने मला मारायला काढलं होतं, आणि तू त्यालाच झाकतोस?"

"झाकतो. बहिणीचा आहे माझ्या."

भाईचा हात वर तसाच राहिला. छाती भात्यासारखी हलत होती. मग तो वळला आणि गाडीच्या समोरच्या काचेवर तुटून पडला, काचेचा तुकडा उरला नाही तोवर. दांडा आत फेकून तो माणसांसकट निघून गेला.

दाजीने स्वतःचा शर्ट काढला, मिस्त्रीचा हात गळ्यात बांधायला घेतला, आणि गाठ मारता मारता हुंदका दिला.

"मेहुणे, फार दुखतंय?"

"तुम्ही आधी तोंड धुवा," मिस्त्री कण्हत म्हणाला. "हे असं घेऊन घरी गेलात, तर उरलेले दात माझी बहीण पाडेल."